रूपाचं डावं पाऊल

गुरुवार, ११ जानेवारी
दुसरं प्लास्टर झालं! रूपा सव्वा महिन्याची, डावं पाऊल जन्मापासून आत वळलेलं. दर गुरुवारी करमाडहून शहरात दवाखान्यात जायचं, डॉक्टर प्रेरणा मॅडम पाऊल हातानं जरा सरळ करणार आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालणार. ऑपरेशन नाही. भारतला कंपनीतून सुट्टी मिळत नाही, म्हणून सोबतीला सासरे — बिरूमामा. जन्म मेंढरांमागं गेलेला. आज मॅडमशेजारी उभं राहून, कोकराचा मोडका पाय बांबूच्या कामट्यांनी कसा बांधायचा ते त्यांना शिकवत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१८ जानेवारी
कहर केला मामांनी! बाकांवर पंधरा लेकरं, सगळ्यांचे पाय पांढरे. मामांनी पिशवीतून मेंढरांना लावायचा लाल रंग काढला आणि रूपाच्या प्लास्टरवर आमच्या कळपाची खूण केली — दोन रेघा, एक ठिपका. म्हणे गर्दीत लेकरू बदललं तर? लेकराला तोंड असतं, ओळखू येतं, असं मी दहादा सांगितलं. छे! तेवढ्यात पाचोडचे शफीभाई आपल्या आमरीनला घेऊन पुढं. "चाचा, हमारी को भी लगा दो." मग रांगच लागली, प्रत्येकाला वेगळी खूण.

२५ जानेवारी
सिस्टर आता नावं पुकारत नाहीत. "तीन ठिपके कोण? या!" म्हणतात. फाइलवरसुद्धा खुणा काढल्यात. पाऊल मात्र खरंच वळतंय!

२९ फेब्रुवारी
शेवटचं प्लास्टर निघालं. पाऊल सरळ! तिथंच रडले मी. आता बूट — दोन्ही पायांत, मधे त्यांना जोडणारी पट्टी. तीन महिने दिवसाचे तेवीस तास, पुढं चार वर्षांची होईपर्यंत झोपेत. सोडले तर पाऊल परत आत जाईल, मॅडमनी तीनदा बजावलं. मामा बाहेर आल्या आल्या सुरू. चांगल्या पायानं काय गुन्हा केला? आणि पाय बांधतात ते विकायला काढलेल्या मेंढराचे, लेकराचे नव्हे!

६ मार्च
किंचाळते. दुपारभर.

१५ मार्च
भारत घरी आला तर बूट खुंटीवर. त्यानं मामांकडं पाहिलं. दुसरं कोण काढणार? अख्ख्या करमाडात त्या पट्टीला नावं ठेवत फिरतात!

२८ मार्च
पाऊल आत गेलंय. परत पहिल्यापासून प्लास्टर. मॅडमचा आवाज चढला, बूट कोण काढत होतं म्हणाल्या. मी खाली बघत राहिले. मामा पुढं झाले.
"म्या काढले. लेकरू लई रडायलं, बघवलं नाय."
सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली त्यांनी. शफीभाईंनीही तोंड फिरवलं. येताना रिक्षात रूपा मामांच्याच मांडीवर झोपली.

२९ मार्च
बूट मी काढत होते. रोज दुपारी, मामा मेंढरं घेऊन गेले की. पंधरा तारखेला या वहीतही खोटं लिहिलं. मामा एकदा काठी विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परतले होते. त्यांनी दारातून पाहिलं आणि काठी न घेताच गेले.
सकाळी भारत म्हणाला, इथून पुढं रूपाला माझ्या बापाजवळ देऊ नकोस.
मी बरं म्हणाले.