चाकामागचा दगड

म्हसावद, मंगळवार, जानेवारी १९५९

लढाईतल्या जुन्या जीपचा ब्रेक आज एकदाचा लागला. रबरं मीच बदलली.

तोरणमाळच्या चढावर जीप मागे सरकली की बायको उडी मारून चाकामागे दगड लावायची. वर्षभर तो दगड मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसली. आज तिला म्हटलं, आता दगड नको.

"मंग आते मन्हं गाडीमा काय काम शे?" असं म्हणून तिनं दगड ओट्याखाली सरकवला.

तेव्हापासून मनाला लागलंय. नुसतं फिरायला म्हणून आईनं तिला जाऊ दिलं असतं का? दगडासाठी होती, म्हणून कोणी बोललं नाही. मला कसं कळलं नाही?

उद्या पुन्हा वर जायचंय. ब्रेक अजून धड नाही, असं आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगणार आहे.