पाऊण तोळ्याचं काडतूस

दिलसुखनगर, हैदराबाद
४ मार्च १९९६

चि. सौ. वैशाली व चि. सौ. पल्लवी यांस, ताईचे अनेक आशीर्वाद.

भाऊ नसलेल्या बहिणींनो, आपल्या तिघींचं दुखणं एकच. आपल्यापुढे कागद येतो तो सहीच्या जागी पेन्सिलीची फुली मारूनच. वाचा असं कुणी म्हणत नाही.

परवा काकांनी पाठवलेला कागद मी वाचला. दादांच्या माघारी त्यांच्या रिव्हॉल्व्हरचा परवाना पुतण्याच्या, प्रकाशच्या नावे व्हायला आपली, त्यांच्या लेकींची, हरकत नाही, असं त्यात आपण तिघींनी लिहून दिलंय म्हणे! तुम्हालाही तोच आला असेल. मी मात्र परवान्यासाठी माझा अर्ज टाकलाय. दीड वर्ष रायफल क्लबात हात बसवलाय तो शोभेला नाही.

हयातनगरच्या पेरूच्या बागेपाशी हल्ली प्लॉटवाल्यांची जीप येते. आई विकत नाही म्हणते, तरी येते. गेल्या रविवारी त्या जीपमध्ये पुढच्या सीटवर आपला प्रकाश होता.

पल्ले, तुझ्या धाकटीला खोकला होता तो गेला का? लगेच लिही.

तुमची,
त्रिवेणीताई

भालकी
१२ मार्च १९९६

चि. त्रिवेणीस, हिम्मतरावाचे अ. उ. आ.

तू बहिणींना लिहिलंस ते कळलं, अर्जाचं आणि जीपचंही. पोरी, कॉलेजात फिजिक्स शिकवतेस ते शिकव. हा तमाशा कायकू? तुझी काकू म्हणते, पोरीला कुकरच्या शिट्टीने दचकायची सवय, ती बार काय काढणार!

थट्टा सोड. हत्यार नामपल्लीच्या बंदुकवाल्याच्या दुकानात जमा करायला नेताना मी वाटेत नामदेवराव सोनाराकडे एक गोळी तोलून घेतली. पाऊण तोळ्याहून भारी भरली. एवढं वजन सुटतं तेव्हा मनगट उखडतं, बाई. जितकी भारी गोळी तितकी ताकद, हे आपल्या बापजाद्यांपासून चालत आलंय. प्रकाशचा पंजा बघ आणि तुझा बघ. आणि जीपचं म्हणशील तर धंद्यात चार लोकांत बसावं लागतं, उगा परेशान होऊ नकोस. सही करून पाठव. आईस नमस्कार. राग नसावा.

तुझा काका

दिलसुखनगर
१७ मार्च १९९६

तीर्थरूप काकांस, त्रिवेणीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र आईला वाचून दाखवलं. कुकरपाशी ती हसली, प्रकाशपाशी ‘पुन्हा वाच’ म्हणाली.

काका, तुम्ही गोळी तोललीच नाही. तोललंत ते अख्खं काडतूस. पितळेची नळी, दारू, सगळं धरून. नळी तर बार झाल्यावर आपल्याच रिव्हॉल्व्हरमध्ये राहते. सुटतो तो पुढचा शिशाचा तुकडा. तो अठ्ठ्याण्णव ग्रेनचा असतो, आणि एका तोळ्यात ग्रेन होतात एकशेऐंशी. म्हणजे अर्ध्या तोळ्याहून किंचित जास्त. दागिना डबीसकट तोललेला तुम्हाला चालला असता का?

आणि नुसत्या वजनाने ताकद ठरत नाही. राखणीला तुम्ही गोफण फिरवायचात. हातून टाकलेल्या खड्याला पाखरू मान वळवत नाही, तोच खडा गोफणीतून सुटला की थवा उठतो. खड्याचं वजन वाढलं का? वजन दुप्पट केलं तर जोर दुप्पट होतो, पण वेग दुप्पट केला तर चौपट. म्हणून हलकी पण वेगवान गोळी भारी पण संथ गोळीला मागे टाकू शकते. हाताला बसणाऱ्या धक्क्यातही वजन आणि वेग दोन्ही मोजावे लागतात. दादांच्या काडतुसात दोन्ही बेताचे आहेत, म्हणून ते सौम्य. क्लबात मी अशी दोनशे झाडलीत. मनगट जागेवर आहे, तेच हे पत्र लिहितंय.

तेव्हा पंजा मोजू नका. एवढंच सांगा, आईच्या बागेच्या फाटकाशी येणाऱ्या जीपमध्ये दादांचं हत्यार कशाला हवंय? माझ्या हाती ते आईच्या बाजूला राहील, कुलपात. प्रकाशच्या कमरेला लागलं तर ते आईच्या समोर उभं राहील. मी सही करणार नाही. घरातून काढलंत तरी नाही.

तुमच्या मांडीवर वाढले म्हणूनच एवढं स्पष्ट लिहिलं. माया आटू देऊ नये.

आपली,
त्रिवेणी

ता. क. याची नक्कल वैशाली-पल्लवीला धाडते आहे. बहिणींनो, परवाना कचेरीत अठ्ठावीस तारखेला सुनावणी आहे. तो फुलीचा कागद सही न करता, हे मिळताच, रजिस्टर पोस्टाने माझ्याकडे पाठवा; आपण तिघींनी सही दिलेली नाही हे मला तिथे दाखवायचंय.