नाव घातलेलं ताट

रविवार, जुलै १९९८

उद्या औरंगाबादला, होस्टेलवर. बाबांनी जवळा बाजार गावच्या भांडेवाल्याकडून माझ्यासाठी स्टीलचं ताट आणलं, नाव घालून. घरातल्या सगळ्या भांड्यांवर बाबांचं नाव आहे. या ताटावर नुसतं माझं, आडनावसुद्धा न्हाई. भांडेवाल्यानं विचारलं असेल, कोणाचं घालू म्हणून. बाबांना स्वतःचं काहून सुचलं न्हाई?

संध्याकाळी त्याच ताटात जेवले. घासून मांडणीवर ठेवायला गेले तर आई म्हणाली, "तिथं नको ठेवू. तुझं हाय ते." मग तिनंच पदरानं पुसून माझ्या होस्टेलच्या पेटीत ठेवलं.

चांगलं जड ताट आहे. तरी त्या नावाकडं बघवत न्हाई.

सुट्टीत घरी आले की कोणत्या ताटात जेवायचं, एवढंच विचारायचं होतं. आई पेटीला कुलूप लावून राहिली होती.