शेजारणीच्या दारातले बूट

३ ऑक्टोबर
सिनेमावाले गल्लीत आले. टीव्हीवरच्या पोलीस मालिकेत तो चक्रम डिटेक्टिव्ह हेबिकावा होता ना, माणसाचं तोंड न बघता दारातले बूट हुंगून चोर पकडणारा, त्याचा आता वेगळा सिनेमा निघतोय. बरंच झालं. मालिकेत डोकं त्यालाच होतं, बाकीचे नुसते धावायचे.
घरोघरी एकेक टॉवेल वाटला. त्रास होईल, सांभाळून घ्या, म्हणून. रीतच आहे. पण मला दोन! नात चिनामी म्हणते, कॅमेरा आपल्या फाटकाला चिकटून लागणार म्हणून दोन. कॉलेजात गेलं की पोरींचं असंच होतं. उघड आहे, मला रोल द्यायचाय. तोंडानं सांगायला लाजतायत.
शेजारच्या याएनोला एकच टॉवेल. जाऊन खात्री केली.

४ ऑक्टोबर
ठरवलं. कमी बोलायचं. जास्त बडबड नटीला शोभत नाही.
टॉवेलांची परतफेड नको का? मुरवलेल्या मुळ्याची बरणी शूटिंगच्या मधोमध नेऊन उघडली. सगळ्यांनी तोंडाला रुमाल लावले. भारावले असणार.

५ ऑक्टोबर
सहज म्हणून फाटकातून ये-जा केली. बरीच. कानात वायर घातलेली पोरगी कमरेत वाकून म्हणाली, आजी, प्लीज कॅमेऱ्याकडे बघू नका. कळलं. मी बघितलं की हीरो फिका पडतो.

६ ऑक्टोबर, दुपार
घोटाळा आहे. याएनोच्या दारात परके बूट. हेबिकावाची पद्धत लावली. टोकं रस्त्याकडे वळवून, जोडीनं ठेवलेले. म्हणजे पळायची तयारी. चिनामी म्हणते, अगं आजी, सगळेच तसे ठेवतात, तूच मला चापट मारून शिकवलंस. शिकवलं असेल. म्हणून संशय घ्यायचा नाही?
हुंगले. मुळ्याचा वास. सिनेमावालेच!
याएनो माझा रोल पळवतेय. सत्तरीत लिपस्टिक लावते ती काय उगाच?

७ ऑक्टोबर
याएनोनं चहाला बोलावलं. तिचा नवरा गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले, त्यानंतर पहिल्यांदाच. त्याला आता बरीच वर्षं झाली. मन खात असणार. गेले, चौकशीला. गोड डाळीचे गोळे ठेवले होते. बाहेर कुणी शांतता म्हणून ओरडलं की ही माझा कप भरते. खिडकी लावून घेतली. वारा आहे म्हणे. बाहेर पान हलत नव्हतं.

८ ऑक्टोबर
आजही चहा. सरळ सांगितलं, मला सगळं कळलंय. तिचा चेहरा उतरला. कुणी सांगितलं गं तुला, म्हणाली. म्हटलं, बुटांनी. मग हसायला लागली, आणि आणखी दोन गोळे वाढले. लाच! खाल्ले, पुरावा म्हणून.

१२ ऑक्टोबर
शूटिंग संपलं. रोज तिच्यासमोर ठाण मांडून बसले, तिला बाहेर पडूच दिलं नाही. गेला तिचा रोल. माझं काम आधीच झालेलं, त्या फाटकातल्या ये-जामध्ये. मासेवाल्याला सांगितलं, न्हाव्याला, दातांच्या डॉक्टरला. ओसाकाच्या लेकीला फोन केला. म्हणाली, आई, नक्की ना? माझ्याच पोटची, आणि संशय घेते.

१८ एप्रिल
अख्खी गल्ली थिएटरात. मी मधल्या रांगेत, केस सेट करून. लेक ओसाकाहून रजा काढून आली.
आमचं फाटक दिसलं. चढण दिसली. न्हाव्याचं मांजर तर दोनदा दिसलं. मी नाही. चेहरा सोडा, सावलीसुद्धा नाही.
मग नावं सुरू झाली. आमच्यात शेवटचं नाव जाईपर्यंत कुणी उठत नाही, नाहीतर मी अंधारातच सटकले असते. अगदी शेवटी आलं, विशेष सहकार्य, याएनो मिझोगुची. टाळ्या पडल्या. मासेवाला पुढच्या रांगेतून ओरडला, याएनोबाई, सहकार्य कसलं हो? याएनो मान खाली घालून पर्सची चेन लावत बसली. चिनामीला राहवेना. म्हणाली, आमच्या आजीला रोज घरात बसवून ठेवल्याचं.
लेकीनं माझा हात धरला. मी सोडवून घेतला. उभी राहून विचारलं, मी नसते तर हिनं सहकार्य कशात केलं असतं?
सगळं थिएटर हसलं. मी विनोद केला नव्हता.