अव्वांचा अंगठा

चिकपेट, बेंगळूर
फेब्रुवारी १९६३

बसऱ्याच्या बंदरात अडकलेल्या माझ्या माणसाला,

मंगळवारी अव्वा गेल्या. तुम्ही जहाजावर, म्हणून तुमच्या आईला अग्नी गुंडोभाऊजींनी दिला.

काल जहाज कंपनीचा माणूस दारात आला. म्हणाला, "अक्का, आई गेल्याचं त्यांना कळवा. ते उतरले की बाकीचे खलाशीही उतरतील." मालकानं गंजक्या जहाजासकट तुम्हा सगळ्यांना वाऱ्यावर सोडलं, आणि आता ह्यांना आईची माया आठवली! जहाज रिकामं झालं की पगारावरचा हक्क बुडाला, हे तुम्हीच लिहिलं होतंत. मी म्हटलं, "सरी, बरं, लिहिते." चहासुद्धा विचारला नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकायचं ते दुसरं लिहिलंय. घरी सगळे बरे आहेत, कुणी काही सांगितलं तरी उतरू नका, एवढंच त्यात आहे.

अडलं ते शेवटी. अव्वांना लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक पत्राखाली त्या देवापुढचा अंगारा तेलात कालवून अंगठा उमटवायच्या. तुम्ही तो कपाळाला लावता, असं तुम्ही कळवल्यापासून तर जास्तच दाबून.

आज त्या पत्राखाली मी माझा अंगठा उमटवला. झंपर शिवून पडलेले सुईचे घट्टेसुद्धा उमटलेत. आल्यावर काय बोलायचं ते मला बोला, मी ऐकून घेईन. पण सगळे मिळून, हक्काचं घेऊनच या.

आणि ते पत्र मिळालं की खाली निरखून बघू नका. नेहमीसारखे डोळे मिटा आणि कपाळाला लावा.

तुमचीच,
शालन