आईने पाळलेले जिवाणू

पिंगळी

चि. सुकेशनी हिस बाबाचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. तुझी आणि पोटातल्या पाहुण्याची तब्येत बरी असेल. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत, जिवाणू आमच्याहून खुशाल आहेत. (फोनवर आई शेजारी असते, म्हणून हे पत्र.)

झाडावरून तोडून स्ट्रॉबेरी खावी वाटते, असं तू म्हणालीस म्हणून मी अंगणात रोपं आणली (परभणीच्या उन्हात स्ट्रॉबेरी! सारी पिंगळी हसली), आणि मुळांना लावायला तू तुझ्या प्रयोगशाळेतून जिवाणूंची पुडी धाडलीस. इथवर ठीक होतं. माझं चुकलं एवढंच, की पुडीवरचा मजकूर मी तुझ्या आईसमोर मोठ्याने वाचला: आत कोट्यवधी जिवंत जिवाणू, गार जागी ठेवा. त्या क्षणापासून कूलरचं तोंड पुडीकडे आणि मी घामात.

लावणीनंतर पानांवर ठिपके दिसले. मी बुरशीचं औषध कालवून पंप पाठीवर घेतला, तर गीताबाई (म्हणजे तुझी आईच; अशा वेळी तिला मनातही मानानेच हाक मारावी लागते) दारात आडव्या. "रोज पंचशील म्हणता ना? जीव घ्यायचा न्हाई म्हणता, अन् कोटी-कोटी जीव मारायलाव?" मी पंप उतरवला. धम्मावर वाद घालून या घरात मी आजवर जिंकलेलो नाही. मग तिने ठिपक्यांची पानं एकेक खुडली, वाफ्याला गूळपाणी दिलं ("पावण्याला नुसतं पानी देतेत का?"), शेजारच्या नर्मदाबाईला वाफ्यापाशी चप्पल काढायला लावली. मातीवर पांढरी जाळी दिसली तेव्हा मी घाबरलो. ती म्हणाली, "संसार मांडलाय त्यायनी." खरं सांगू? रोपं अशी तरारली की हसणारी पिंगळी आता कुंपणाशी येऊन बघते. फळ मात्र एकच धरलंय. आई त्याच्याजवळ भाजी निवडत बसते आणि त्याला तुझ्या लहानपणीच्या गोष्टी सांगते. मला ऐकू येतं, पण मी खोकत नाही.

तुझा
बाबा

ता. क. पुण्यात दवाखाने चांगले, हे मला कळतं. पण पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं म्हणून आईने गोधडी शिवून ठेवलीय. "लेकीवर जोर करू न्हाई," म्हणून तुला फोनवर फक्त जिवाणूंची खुशाली सांगते. फळ पिकलं की लगेच ये.

आणखी एक. पाकीट चिकटवायच्या आत साळुंकीने फळ नेलं. आई काठी घेऊन धावली, पण साळुंकी पिलांना भरवताना दिसली तशी काठी टाकून तिथेच बसली. आता तुला बोलवायला आमच्याकडे काहीच नाही. आई आहे फक्त. ये.