पंधरवड्याचा पितर

७ सप्टेंबर, रविवार. दुपारी साडेतीन.
आज रात्री खग्रास चंद्रग्रहण. दुपारपासून वेध लागलेत म्हणे. आख्खी गल्ली दारं लावून उपाशी. मी ओट्यावर खुर्ची टाकून, सगळ्यांना दिसेल असा चिवडा खाल्ला. पाऊण तास. कुणी पाहिलं नाही. चिवडा मऊ पडला होता.
उद्यापासून पितृपक्ष. संकल्प: पंधरा दिवस जोरदार प्रबोधन. भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं जमिनी मोजल्या. जे मोजता येत नाही ते नसतं, हे दिग्रसच्या लोकांना एकदा सांगायलाच हवं. व्याख्यानाचा विषय: ‘रास, तिथी आणि कावळा: एक मोजणी’. वाचनालयाचा हॉल शनिवारी मिळाला. पितृपक्षात दुसरं कुणी घेत नाही, म्हणून फुकट.
साकेतचा पुण्याहून फोन. सोमवारी १५ला नवमी, नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची. ‘बाबा, आईसाठी एखादी सवाष्ण तरी जेवू घाला.’ रत्नप्रभा गेली तेव्हाच, दीड वर्षापूर्वी, मी जाहीर केलं होतं की काही करणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. तसं सांगितलं. फोन दोन मिनिटं चाळीस सेकंद.

९ सप्टेंबर, मंगळवार.
घनश्याम आला. शेजारी राहतो, कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात आहे. उद्या त्याच्या वडिलांची तिथी. गुरुजी मिळेनात, भावकी सगळी महागावला. म्हणाला, ‘काका, बाबाच्या वयाचा माणूस पायजे पाटावर. तुम्ही बसता का पितर म्हणून?’ मेलेला माणूस जेवत नाही हे मी त्याला वीस मिनिटं समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, ‘बरोबर आहे तुमचं. मंग साडेअकराले या.’
जाणार. टीकाकारानं जागेवर जाऊन पाहणी केली पाहिजे. शिवाय आजची खिचडी बुडाला लागली.

१० सप्टेंबर, बुधवार. दुपारी दोन.
पाहणी अहवाल. हजर ११.२०. घनश्यामनं पाय धुतले, कोमट पाण्यानं. त्याच्या बायकोनं, गुंजननं, पुसले. गंध, पाट, केळीचं पान. वडे सात, कढी दोन वाट्या, खीर तीन, कोहळ्याची भाजी मोजली नाही. प्रबोधन वड्यांच्या वेळी करायचं ठरवलं होतं, पण तोंड रिकामं नव्हतं.
शेवटी घनश्याम हात जोडून समोर बसला. ‘बाबा, पोट भरलं न? रागावले नाही न मायावर?’ वडिलांशी तो चार वर्षं बोलत नव्हता, हे गल्लीला ठाऊक आहे. यावर शास्त्रीय उत्तर होतं. मी म्हणालो, ‘नाही रे बाप्पा.’ तो रडायला लागला. डोक्यावर हात ठेवला त्याच्या. निव्वळ शिष्टाचार.
दीड वर्षात डॉक्टर सोडून मला कुणाचा हात लागला नव्हता. (हे अहवालात नको.)

११ सप्टेंबर, गुरुवार.
ॲसिडिटी. रात्रभर. निश्चय: पुन्हा कुणाकडे जाणार नाही. पाहणी एकदाच पुरे.
संध्याकाळी. किराणावाला देवीलाल येऊन गेला. उद्या त्याच्या वडिलांची षष्ठी. एकाच नमुन्यावरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय ठरेल. हो म्हटलं.

१३ सप्टेंबर, शनिवार.
व्याख्यान झालं. उपस्थिती एक. फुलसिंग राठोड, समोरच राहतो, एसटीतून रिटायर कंडक्टर. घरची लाइट गेली होती आणि हॉलमध्ये पंखा होता, म्हणून आला. एका माणसासाठी माइक लावू का, असं शिपायानं विचारलं. लाव म्हटलं.
दीड तास बोललो. राशिभविष्याचा विशेष समाचार घेतला. उदाहरण म्हणून कालचा पेपर वाचून दाखवला. माझ्या राशीला ‘मिष्टान्नाचा योग’. फुलसिंगनं हात वर केला. ‘साहेब, काल देवीलालकडं काय होतं जेवाले?’ बासुंदी होती. योगायोग, असं उत्तर दिलं.
येताना रस्त्यात म्हणाला, ‘देव नाही म्हणता, भूत नाही म्हणता, अन् लोकायचे बाप बनून हिंडून राह्यले. काहून?’ त्याला म्हटलं, संशोधन आहे. एवढा हसला की कुत्री भुंकायला लागली. तिकिटं फाडण्यात आयुष्य गेलेल्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा ठेवायची.

१४ सप्टेंबर, रविवार.
उकंडाकडे पितर. उकंडा म्हणजे आमचा दूधवाला. गावात बोलबाला झालाय म्हणे: साहेब पान साफ करतात, घाई करत नाहीत आणि शेवटी तोंड भरून ‘तृप्त झालो’ म्हणतात. गुरुजींना इतका वेळ नसतो. माझ्या कामाच्या शिस्तीची रिटायरमेंटनंतर प्रथमच कुणी दखल घेतली.
उकंडाच्या म्हाताऱ्या आईनं पंख्यानं वारा घातला. ‘लय वाळले जी तुम्ही,’ म्हणाली. नवऱ्याला म्हणाली की मला, ते विचारलं नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार. नवमी.
आज सगळीकडे सवाष्णीच लागतात. पुरुषाला कुत्रं विचारत नाही. गुंजन हिरवी साडी नेसून तीन घरी जाऊन आली. फुलसिंगची बायको जमनी दोन घरी. मी दूध-ब्रेड खाल्लं. हलकं बरं असतं.
आठ वाजता साकेत. ‘बाबा, इथं केलं आम्ही. शाल्मलीनं पुरण केलं होतं. वरच्या मजल्यावरच्या काकूंना आई म्हणून बोलावलं.’ काकू कशा जेवल्या, विचारलं. छान जेवल्या म्हणे. रत्नप्रभाला पुरण आवडत नसे, हे सुनेला ठाऊक नसावं.
मला बोलावता आलं असतं. अर्थात मी गेलो नसतो. पण गेलो नसतो हे त्यांनी आधीच कशाला ठरवायचं?

१८ सप्टेंबर, गुरुवार.
एका दिवशी दोन बाप. एक साडेअकराला, एक दीडला. आजचे धरून पाच झाले. दुसरं घर मारेगावहून बदलून आलेल्या तलाठ्याचं. त्यांचे वडील जेवणानंतर तंबाखू खात. समोर चुना लावून तंबाखू मळून ठेवली. मी जन्मात खाल्ली नाही. मुलगा इतक्या आशेनं बघत होता की घेतली. अर्धा तास भिंतीला टेकून बसलो. तो म्हणाला, ‘बाबाही असेच बसत.’

१९ सप्टेंबर, शुक्रवार.
बराच विचार केला. चुकलेल्या तिथीचं सर्वपित्री अमावास्येला चालतं, असा यांचा नियम. शास्त्र खोटं, नियम सोयीचा.
निर्णय: परवा जमनीबाईंना जेवायला बोलवायचं. याला श्राद्ध म्हणता येणार नाही. शेजारधर्म आहे. फक्त अमावास्येला, पाटावर, वडे-कढी-खीर, आणि रत्नप्रभाच्या नावानं. जाऊन विचारलं. जमनीबाई म्हणाल्या, ‘कायले नाही येणार भाऊ? रत्नाबाईनं मले लय जीव लावला.’ फुलसिंगनं तोंड उघडलं होतं, तिनं डोळे वटारले तसं मिटलं.
परवाची दोन आमंत्रणं नाकारली. देवीलालला वाईट वाटलं. त्याला म्हटलं, घरी कार्य आहे. बरं वाटलं म्हणताना.

२१ सप्टेंबर, रविवार. अमावास्या. सकाळी दहा.
पहाटेपासून स्वयंपाक. वडे तेलात विरघळले. दुसऱ्या घाण्यात चार टिकले. कढी फुटली, पुन्हा केली. खीर उत्तम. एकंदर काम नियंत्रणात.
सव्वाअकरा. फुलसिंग पिशवी घेऊन फाटकाशी. त्यांच्या बबिताला पुसदच्या दवाखान्यात नेलंय, कळा सुरू झाल्या. साडेअकराची बस. जमनीबाई ऑटोतूनच म्हणाल्या, ‘भाऊ, माफ करजा. माहा जीव तिकडं लागून राह्यला.’ जा, जा म्हटलं. लेकीहून जास्त काही असतं का?
बारा. गुंजनला विचारलं. तिचे हात पिठात. ‘काका, घरात बारा पानं वाढायची आहेत जी. आधी सांगतलं असतं तं…’ तिसरं नाव आठवेना. दिग्रसमध्ये एकोणतीस वर्षं झाली. गल्लीतली सगळी माणसं रत्नप्रभाच्या ओळखीची होती. मी तिचा नवरा म्हणून त्यांना माहीत होतो.

दुपारी तीन.
पान वाढून झालं होतं. पाच जणांचा बाप झालो, एक दिवस बायको व्हायला काय हरकत? स्वतःचे पाय स्वतःच धुतले. वाकताना कंबर धरली. पाटावर बसून सावकाश जेवलो.
मग उठलो. समोर जाऊन बसलो, हात जोडले, आणि मोठ्यानं विचारलं, ‘रत्ना, पोट भरलं का? रागावली नाहीस ना माझ्यावर?’ उत्तर द्यायला परत पाटावर येऊन बसलो. लोकांच्या घरी उत्तर लगेच सुचायचं. इथं सुचेना. रागावली असेल तर कशासाठी, तेच नक्की ठरवता येईना. एकेक आठवत गेलं. पुष्कळ निघालं.
कढीत मीठ नव्हतं. ती असती तर पहिल्या घोटाला म्हणाली असती. एवढ्या वर्षांत तिच्यासाठी आज पहिल्यांदा रांधलं. फार आठवण येते.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.
साडेअकराला इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसलो. सहज. घनश्याम स्कूटरवर फुलं-पत्री घेऊन आला. ‘काय काका!’ म्हणाला आणि आत गेला. उकंडा दूध देऊन गेला. देवीलालच्या दुकानात गर्दी.
फुलसिंगचा फोन. नात झाली. महिनाभर तिकडेच राहणार. अभिनंदन केलं.
पाऊण वाजता खिचडी लावली.
मोबाइलवर पंचांगाचं ॲप घेतलं, केवळ अभ्यासासाठी. पुढचा पितृपक्ष २७ सप्टेंबरला लागतो. मध्ये अधिक महिना आहे, त्यामुळे लांबला. आजपासून तीनशे सत्तर दिवस. दोनदा मोजले.